फौज परत कधी जाणार?

१९६१ च्या डिसेंबरात आपण गोव्यात फौज घातली तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचा शब्द मोडला. आणि तरीही गोवा मुक्त करणं योग्य होतं. ही दोन वाक्यं मी गेली कित्येक वर्षं एकापाठोपाठ एक म्हणत आले आहे, पण सिंधुदुर्गात तरी पहिलं ऐकल्यावर दुसऱ्यासाठी कुणी थांबत नाही. बांद्याला एका व्याख्यानानंतर एक आजोबा काठी टेकत पुढे आले. त्यांचे थोरले भाऊ १९५५ च्या सत्याग्रहात गेले होते. म्हणाले, "पत्रादेवीक आमच्या माणसांनी गोळ्यो खाल्ल्यो, तेव्हा तुझो कायदो खंय होतो, बाय?" आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच तो प्रश्न जास्त लागला. त्या दिवशी मला त्यांना धड उत्तर देता आलं नाही.

खरंच, कुठे होता? १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र माणसं हातात झेंडा घेऊन पत्रादेवीसारख्या ठिकाणी गोव्याची हद्द ओलांडत होती आणि पोर्तुगीज शिपायांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्या एका दिवसात सीमेवर ठिकठिकाणी वीसहून जास्त सत्याग्रही मेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व मिळालं, आणि सदस्य होताच तिथला हुकूमशहा सालाझार याच्या सरकारने सांगितलं की आमच्याकडे वसाहत नावाची वस्तूच नाही. १९५१ मध्येच त्यांनी घटना बदलून गोव्याला 'सागरापलीकडचा प्रांत' ठरवलं होतं. नाव बदललं की वसाहत संपते, अशी ती युक्ती. भारताने १९५० पासून बोलणी करून पाहिली, १९५३ मध्ये लिस्बनमधली वकिलात बंद केली, नाकेबंदी केली. डिसेंबर १९६० मध्ये महासभेने वसाहती संपवण्याचा ठराव केला आणि पाठोपाठच्या ठरावात पोर्तुगालच्या वसाहतींची यादी दिली, त्यात गोवा होता. पोर्तुगाल ढिम्म. १९६१ च्या नोव्हेंबरात अंजदीव बेटावरून 'साबरमती' या प्रवासी बोटीवर गोळीबार झाला. पुढच्या महिन्यात, १७ डिसेंबरच्या मध्यरात्री फौजा आत शिरल्या आणि १९ तारखेच्या संध्याकाळी ४५१ वर्षांची सत्ता संपली. शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा सालाझारचा हुकूम असताना गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी शरणागती पत्करून पणजी वाचवली. त्या माणसाबद्दल गोव्यात आजही आदराने बोलतात, आणि ते रास्त आहे.

आता सनद काय म्हणते ते पाहू. कलम २, उपकलम ४: कुठल्याही देशाच्या भूमीविरुद्ध बळ वापरायचं नाही, तशी धमकीही द्यायची नाही. सूट दोनच ठिकाणी. तुमच्यावर सशस्त्र हल्ला झाला तर कलम ५१ प्रमाणे स्वसंरक्षण, किंवा मग सुरक्षा परिषदेने दिलेली परवानगी. गोव्यात या दोन्हींतलं काही नव्हतं. एका बोटीवरच्या गोळीबाराला साऱ्या प्रदेशाचा ताबा हे उत्तर स्वसंरक्षणात बसत नाही. भारताचा युक्तिवाद असा होता की १५१० सालचं आक्रमण कधी संपलंच नाही, ते रोज चालू आहे. मनाला हा युक्तिवाद पटतो. पण तो एकदा मान्य केला तर जगातली एकही हद्द सुरक्षित राहत नाही. साडेचारशे वर्षांपूर्वीचं आक्रमण आज परतवायचं म्हटलं तर कोण कुणाच्या घरात शिरणार नाही?

आमच्याकडे दोन आवाठांमधला, म्हणजे घरा-परसांमधला, चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडांचा बुटका बांध, कमरेएवढाही नसतो. तो चोराला अडवत नाही, गुरालाही धड अडवत नाही. पण हद्द कुठे आहे हे तो साऱ्या वाडीला दाखवतो. कुणी ओलांडली तर दिसतं, आणि प्रकरण तालुक्याच्या कोर्टात गेलं की मोजणी तिथूनच सुरू होते. कलम २(४) हा तसला गडगा आहे. तो बांधला १९४५ मध्ये, दोन महायुद्धांनंतर, आणि त्याची गरज बलाढ्यांपेक्षा लहानांना जास्त आहे. १९८६ मध्ये निकाराग्वासारखा चिमुकला देश, त्याच्या बंडखोरांना शस्त्रं पुरवणाऱ्या अमेरिकेविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जिंकला. अमेरिकेने निकाल पाळला नाही हे खरं. तरी तो निकाल आज जगभर शिकवला जातो, आणि 'बंडखोरांना शस्त्रं देणं हे स्वसंरक्षण होतं' असं म्हणणाऱ्याला आजही त्याला उत्तर द्यावं लागतं.

म्हणून १८ डिसेंबर १९६१ च्या सुरक्षा परिषदेतलं एक वाक्य मला कायम टोचत आलं आहे. सनद असो वा नसो, परिषद असो वा नसो, आमची भूमिका हीच, अशा अर्थाचं काहीतरी भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा बोलून गेले. भारताच्या निषेधाचा पाश्चात्त्यांचा ठराव सात विरुद्ध चार मतांनी सोव्हिएत नकाराधिकारामुळे पडला, आणि आपल्याकडे पेढे वाटले गेले. अमेरिकेचे ॲडलाय स्टीव्हन्सन त्या दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या मरणाची भाषा बोलत होते. आठच महिन्यांपूर्वी त्यांच्या देशाने क्युबाच्या किनाऱ्यावर भाडोत्री बंडखोर उतरवले होते आणि संयुक्त राष्ट्रांतच स्टीव्हन्सनना ते नाकारायला लावलं होतं. तेव्हा त्यांचं सोवळं कुणी मनावर घेतलं नाही ते समजण्यासारखं आहे. पण सोवळं खोटं असलं म्हणून 'सनद असो वा नसो' हे खरं होत नाही. भारताने त्या दिवशी म्हणायला हवं होतं: आम्ही नियम मोडतो आहोत, का मोडतो आहोत ते असं असं आहे, चौदा वर्षं थांबलो, सारे मार्ग संपले, आणि याचा जाब द्यायला आम्ही तयार आहोत. नियम मोडणं आणि नियमच नाही म्हणणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्यात गडगा जागेवर राहतो.

आणि जाब कसा द्यायचा? माझ्या मते त्याचं उत्तर फौज शिरल्यानंतर काय घडतं त्यात असतं. हे मी कुठल्या ग्रंथातून नाही शिकले. विजयदुर्गावर शिकले.

मी देवगड तालुक्यातली. वाघोटनच्या खाडीच्या मुखाशी असलेला तो तिहेरी तटाचा किल्ला लहानपणापासून पाहते आहे. शाळेत आम्हाला कान्होजी आंग्रे शिकवले, पाण्याखालची भिंत शिकवली. १७५६ शिकवताना मात्र मास्तरांची गाडी भरधाव जायची. त्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसनचं आरमार खाडीच्या तोंडाशी उभं राहिलं, जमिनीवरून रॉबर्ट क्लाइव्ह उतरला, आणि मराठ्यांचं आरमार खाडीत जळून गेलं. गुराबा, गलबतं, सगळी. पण ते इंग्रज वाट चुकून आले नव्हते. त्यांना नानासाहेब पेशव्यांनी बोलावलं होतं. १७५५ मध्ये कान्होजीचा मुलगा आणि विजयदुर्गाचा धनी तुळाजी आंग्रे याच्याविरुद्ध मुंबईकर इंग्रजांशी करार झाला, त्याच वर्षी सुवर्णदुर्ग पडला आणि पुढच्या वर्षी विजयदुर्ग.

तुळाजीबद्दलच्या तक्रारी खोट्या नव्हत्या, हे इथे सांगायलाच हवं. तो पेशव्यांना जुमानत नव्हता, किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांना आणि शेजारच्या मुलखाला त्याने त्रास दिला होता. इंग्रजांच्या कागदांत तर तो नुसता चाचा, समुद्री लुटारू, आहे. त्यांनी कान्होजीलाही चाचाच म्हटलं. कान्होजी आपल्या समुद्रात आपलं दस्तक, म्हणजे परवाना, मागत होता. तेच काम पोर्तुगीज दोनशे वर्षं 'कार्ताझ' नावाने करत आले होते, त्यांना कुणी चाचा म्हटलं नाही. ज्याच्यावर चालून जायचं त्याला आधी कायद्याबाहेरचं नाव द्यायचं, म्हणजे मग चढाई ही चढाई राहत नाही, बंदोबस्त होतो. 'बंडखोर राष्ट्र', 'दहशतीची राजवट', 'नाझी' हे शब्द आपण आपल्या हयातीत ऐकले. ते 'चाच्या'चे वंशज आहेत.

पुढे काय झालं? तुळाजी मराठ्यांच्या छावणीत वाटाघाटीला गेला होता, तो तिथेच कैदेत पडला. किल्ल्यातली लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली, पेशव्यांच्या हाती कवडी आली नाही. किल्ला द्यायला महिनोन्महिने टाळाटाळ केली. ऑक्टोबरात नवा तह होऊन बाणकोट कायमचं इंग्रजांना दिलं तेव्हा कुठे विजयदुर्ग परत मिळाला. बाणकोटचं त्यांनी फोर्ट व्हिक्टोरिया केलं. आणि तोच वॉटसन पुढच्या वर्षी बंगालमध्ये होता, तोच क्लाइव्ह सोळा महिन्यांनी प्लासीला होता. बोलावलेली फौज त्या वेळी एका तुळाजीसाठी आली. ती गेली १९४७ मध्ये.

इतिहासाचं असं सरळसोट ओझं आजच्या घटनांवर टाकणं धोक्याचं असतं, हे मी वर्गात मुलांना सांगत असे. पेशवे आणि आंग्रे यांच्यामधला वाद हा आजच्या अर्थाने दोन देशांमधला वाद नव्हता, आणि तेव्हा सनदही नव्हती. पण एक गोष्ट तेव्हाची आजही तशीच आहे. ज्याला परकी फौज हवी असते तो आपल्या घरातल्या भांडणाकडे पाहत असतो, आणि फौज पाठवणारा नकाशाकडे. म्हणून हेतू चांगला होता का, कारण खरं होतं का, एवढं विचारून भागत नाही. फौज कुणाच्या सांगण्यावरून आली, जिथे आली तिथल्या माणसांना कधी काही विचारलं का, आणि ती परत कधी जाणार, हे विचारावं लागतं. शेवटचा प्रश्न सर्वांत आधी विचारावा लागतो, कारण फौज एकदा उतरल्यावर तो विचारणारा देशद्रोही ठरतो.

१९७१ घ्या. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते. पाकिस्तानने ३ डिसेंबरला भारताच्या विमानतळांवर बॉम्ब टाकले, त्यामुळे कायद्याच्या भाषेत स्वसंरक्षणाचा आधार होता. तरी महासभेत ७ डिसेंबरला युद्ध थांबवा म्हणणारा ठराव १०४ विरुद्ध ११ मतांनी मंजूर झाला. म्हणजे जगाने आपल्याला जवळजवळ एकटं पाडलं होतं. आज त्या युद्धाला कुणी आक्रमण म्हणत नाही. का? मार्च १९७२ मध्ये भारतीय फौजांनी ढाक्यात निरोपाचं संचलन केलं आणि त्या निघाल्या. तीन महिने. सत्ता शेख मुजिबुर रहमान यांच्याकडे होती, १९७० च्या निवडणुकीत लोकांनी ज्यांना बहुमत दिलं होतं त्यांच्याकडे. नौदलात आमच्या किनाऱ्यावरची पोरं पिढ्यान्पिढ्या जातात. ९ डिसेंबरला आपली युद्धनौका 'खुकरी' दीवजवळ बुडाली तेव्हा १९४ जण गेले. त्या मरणाची लाज वाटावी असं काही पुढे घडलं नाही, याचं कारण ती मार्चमधली तारीख आहे.

आणि त्याच देशाने १९८७ मध्ये श्रीलंकेत काय केलं? तेव्हा कायदा पूर्ण आपल्या बाजूने होता. राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्याशी २९ जुलैला करार झाला, शांतिसेना निमंत्रणावरून गेली. कागद इतका स्वच्छ की कुणी बोट ठेवू नये. पण निमंत्रण सरकारचं होतं. ज्या तमिळांसाठी आपण गेलो त्यांना त्या कराराबद्दल कुणी खरं विचारलं नव्हतं, ज्या सिंहलींच्या देशात आपण उतरलो तेही संतापलेले. दोन-अडीच महिन्यांत फौज ज्यांना वाचवायला गेली त्यांच्याशीच लढू लागली. नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा आले आणि म्हणाले, निघा. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर आपले अकराशेहून जास्त जवान मेले होते. आमच्या शेजारच्या वाडीतला एक जण जाफन्याहून एक पाय गमावून आला. तो आयुष्यभर कुणाला काही बोलला नाही. फक्त एकदा माझ्या वडिलांना म्हणाला, "सर, तिथली म्हातारी माणसं आमका बघून दारां लावून घेयत."

निमंत्रणाचा कागद असूनही चूक होऊ शकते आणि परवानगीचा कागद नसूनही योग्य होऊ शकतं, असं मी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग कायदा हवा कशाला? हवा, कारण कागद नसताना आत शिरणाऱ्यावर पुराव्याचं सगळं ओझं पडतं. ते ओझं पडलंच पाहिजे. ते पेलता येणारे विरळा. इराकमध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांना ते पेलता आलं नाही. सद्दाम हुसेन क्रूर होता, १९८८ मध्ये हलब्जाच्या कुर्दांवर त्याने विषारी वायू सोडला होता, हे तुळाजीवरच्या तक्रारींसारखंच खरं. पण मार्च २००३ मध्ये फौजा शिरल्या त्या संहारक अस्त्रांचं कारण सांगून, आणि अस्त्रं सापडली नाहीत. परत कधी जाणार हे आधी कुणी ठरवलं नव्हतं. पुढच्या काही वर्षांत तो देश पार चिरफाळला.

उलट बाजूचा सर्वांत जड युक्तिवाद रवांडाचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिक होईल. १९९४ मध्ये शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं कापली गेली. दुसऱ्या वर्षी बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात, संयुक्त राष्ट्रांनी 'सुरक्षित' म्हणून जाहीर केलेल्या गावात, आठ हजारांच्या आसपास पुरुष आणि मुलगे मारले गेले. हद्दीचा मान राखत बसायचं आणि आत माणसं मरू द्यायची का, असं कुणी विचारलं तर मान खाली जाते. पण रवांडाचा कागद नीट वाचा. तिथे कायदा आडवा आलाच नव्हता. संयुक्त राष्ट्रांची फौज तिथे आधीपासून होती. कत्तल सुरू झाल्यावर, २१ एप्रिलला, सुरक्षा परिषदेने ती वाढवली नाही, उलट २७० माणसांवर आणली. परवानगीची अडचण नव्हती, कुणाची जायची इच्छा नव्हती. जिथे तेल नाही, तळ नाही, नकाशावर किंमत नाही, तिथे माणुसकीसाठी फौजा निघत नाहीत. म्हणून 'रवांडा टाळायचा तर नियम सैल करा' हे मला पटत नाही. नियम सैल केल्याने रवांडाला कुणी गेलं नसतं, इराकला मात्र आणखी सोप्या वाटेने गेले असते.

सर्बियाच्या अल्बेनियन वस्तीच्या कोसोव्हो प्रांतात १९९९ मध्ये हीच सैल वाट पहिल्यांदा नीट मळली. नाटोने परिषदेला न विचारता ७८ दिवस बॉम्बफेक केली, आणि नंतर एका स्वतंत्र आयोगाने निवाडा दिला की कारवाई बेकायदा पण न्याय्य होती. अल्बेनियन लोकांचे हाल खरे होते, त्यांच्यातले असंख्य घरी परतू शकले हेही खरं. भारताने रशियाबरोबर त्या बॉम्बफेकीविरुद्ध ठराव मांडला होता. तो तीन विरुद्ध बारा असा पडला. मग २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली तेव्हा क्रेमलिनच्या तोंडी कुठले शब्द होते? पूर्व युक्रेनमधल्या डोनबासच्या लोकांचं रक्षण, वंशसंहार, कलम ५१. आणि कोसोव्होचं उदाहरण. आज आपल्या सोयीसाठी केलेला अपवाद उद्या शेजारी वापरतो. गडग्यातले चार चिरे तुम्ही काढलेत की त्याच खिंडारातून दुसऱ्याची गुरं शिरतात.

लिबियात तर परवानगी होती. मार्च २०११ चा सुरक्षा परिषदेचा ठराव क्रमांक १९७३, नागरिकांच्या रक्षणासाठी. भारत तेव्हा परिषदेत होता आणि तटस्थ राहिला. परवानगी मागितली होती बेनगाझी शहर वाचवायची, ऑक्टोबरपर्यंत सरकार उलथून गद्दाफी मारला गेला होता, आणि मग जाणारे निघून गेले. तो देश दोन सरकारांत आणि कित्येक टोळ्यांत विभागला गेला. फौज लवकर जाणं ही माझी कसोटी इथे अपुरी पडते, हे मला मान्य आहे. मागे कुणाच्या हाती काय सोपवून जाता, हे त्यात धरावं लागतं. ढाक्यात निवडून आलेला माणूस होता. त्रिपोलीत कुणी नव्हता.

हे सारं कोकणात बसून कशाला, असं विचारणारे भेटतात. माझ्या तालुक्यातून हापूसच्या पेट्या दुबईला जातात, आणि त्यांच्या कितीतरी आधीपासून माणसं जातात. रत्नागिरी, दापोली, खेड, चिपळूणकडच्या मुसलमान घरांत तर आखाताशिवाय घराची गोष्टच सांगता येत नाही. २ ऑगस्ट १९९० ला सद्दामने कुवेत गिळलं तेव्हा माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील तिथे होते. सात आठवडे घरी एक ओळ आली नाही. मग अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने ते परतले. तशी पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं आपण त्या काही महिन्यांत आणली. ते गृहस्थ परतले तेव्हा त्यांच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी होती आणि तिच्यात कपड्यांचा एक जोड. वीस वर्षांची कमाई तिकडे राहिली.

कुवेतचं उदाहरण मी मुद्दाम काढते, कारण तिथे नियम चालला. परिषदेने आधी निर्बंध लावले, मग नोव्हेंबरात मुदत देऊन बळाची परवानगी दिली, फौजांनी कुवेत सोडवलं आणि १९९१ मध्ये बगदादला न जाता थांबल्या. त्यानंतरच्या निर्बंधांनी इराकी लेकरांचे जे हाल केले ते या यशावरचा डाग आहेत. पण कुवेत हा देश पुन्हा उभा राहिला आणि त्या मुलीचे वडील १९९२ मध्ये परत तिथेच कामाला गेले. त्यानंतर येमेन झालं. तिथे २०१५ मध्ये सौदीच्या आघाडीने निमंत्रणाच्या कागदावर बॉम्बफेक सुरू केली आणि आपल्या नौदलाने एडनच्या किनाऱ्यावरून आपल्या माणसांबरोबर दुसऱ्यांचीही माणसं उचलली. मग तांबडा समुद्र पेटला, आणि बोटीवर असलेल्या मुलांच्या आया रात्री-अपरात्री फोन धरून बसू लागल्या. मोठ्या देशांनी कायदा मोडला की त्याची पावती कुठे फाटते हे आमच्या किनाऱ्याला ठाऊक आहे.

तेव्हा भारताने काय करावं? मला गप्प बसण्याचं धोरण मान्य नाही. २ मार्च २०२२ ला १४१ देशांनी रशियाचा निषेध केला, आपण ३५ तटस्थांत होतो. जून २०२५ मध्ये इस्रायलने आणि मग अमेरिकेने इराणवर हल्ले केले. आपण ज्यात सदस्य आहोत त्या शांघाय सहकार्य संघटनेने इस्रायलचा निषेध केला तेव्हा त्या चर्चेत आम्ही नव्हतो, असं आपण जाहीर केलं. तेलाचं, शस्त्रांचं, तिकडे असलेल्या आपल्या माणसांचं गणित मला कळतं. पण मित्राने गडगा ओलांडला की डोळे मिटायचे आणि शत्रूने ओलांडला की ओरडायचं, असं करणाऱ्याच्या हद्दीचा वाद उद्या कोण ऐकेल? तटस्थ मत देऊनही 'हे सनदेच्या विरुद्ध आहे' एवढं एक वाक्य स्पष्ट बोलता येतं.

आणि स्वतःच्या घराचं काय? कलम ५१ दोन आहेत. सनदेचं ५१ स्वसंरक्षणाचं, ते आपल्या वाहिन्यांवर सारखं ऐकू येतं. दुसरं आपल्या राज्यघटनेचं ५१: आंतरराष्ट्रीय कायद्याबद्दल आदर वाढवण्याचा राज्याने प्रयत्न करावा. ते कुणी वाचत नाही. परदेशी फौज पाठवण्याआधी संसदेची संमती घेतलीच पाहिजे असं आपल्या घटनेत कुठेही लिहिलेलं नाही. १९८७ मध्ये ती घ्यावी लागली असती तर निदान 'परत कधी' हा प्रश्न कुणा खासदाराने उभं राहून विचारला असता. तशी तरतूद व्हायला हवी: फौज जाण्याआधी, किंवा तातडी असेल तर ठराविक दिवसांत, सरकारने कायद्याचा आधार आणि परतीची अट संसदेपुढे लेखी ठेवावी. आपल्या भूमीवर हल्ला झाला तर गोष्ट वेगळी. मी बोलते आहे ते दुसऱ्याच्या घरात जाण्याबद्दल.

गोव्याबद्दलची माझी टोचणी अजून पूर्ण गेलेली नाही. १९६१ मध्ये गोवेकरांना भारतात यायचं का, असं मतपेटी ठेवून कुणी विचारलं नाही. बहुतेकांचं उत्तर 'हो' आलं असतं असं मला वाटतं, पण वाटणं म्हणजे विचारणं नव्हे. मात्र १६ जानेवारी १९६७ ला एक गोष्ट त्यांना विचारली गेली: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं? मराठी माणसाने, आमच्या सावंतवाडी-वेंगुर्ल्याने तर जिवाच्या आकांताने, विलीनीकरणाची बाजू घेतली होती. १,३८,१७० मतं आमच्या बाजूला पडली, १,७२,१९१ विरुद्ध. आम्ही हरलो आणि निकाल मानला. महाराष्ट्राची ताकद गोव्याच्या कितीतरी पट होती, तरी. बांद्याच्या आजोबांना मी आज उत्तर दिलं असतं तर पत्रादेवीचा सन्मान त्या हरलेल्या मतदानात आहे, असं दिलं असतं. ते आता नाहीत.

त्यांना आणखी एक आठवण सांगायची राहून गेली. २००३ च्या उन्हाळ्यात अमेरिका भारताकडे इराकमध्ये फौज मागत होती. दिल्लीत पाठवावी म्हणणारे वजनदार लोक होते. कंत्राटं मिळतील, मैत्री वाढेल. लोकसभेने एप्रिलमध्येच त्या युद्धाची निंदा केली होती. वाजपेयी सरकारने १४ जुलैला निर्णय दिला: संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असता तर विचार केला असता, तो नाही, म्हणून फौज जाणार नाही. त्या वर्षी गणपती ऑगस्टच्या शेवटी बसले. आमच्या वाडीतले फौजेतले दोघेही रजा घेऊन आले होते, आणि विसर्जनाला मूर्ती त्यांनीच खांद्यावरून खाडीपर्यंत नेली.